कवडूजी बोटवाले

कवडूजी शेंडे यांची आणि माझी ओळख एका तापलेल्या इंजिनामुळे झाली. आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी नुकताच ओव्हरसियर म्हणून सरकारी नोकरीत लागलो होतो आणि पहिलीच नेमणूक वैनगंगेवरच्या एका नदीमापन केंद्रावर झाली होती. कारध्याहून काठाकाठानं दोनेक तास चाललं की हे केंद्र यायचं. दोन खोल्या, एक टिनाची शेड, घाटाच्या पायऱ्यांवर पाण्याची उंची मोजायला रंगवलेले आकडे आणि एक लोखंडी बोट, एवढाच त्याचा संसार. रोज सकाळी बोटीतून नदी आडवी पार करायची, ठरलेल्या जागी थांबून पाण्याची खोली आणि वेग मोजायचा आणि आकडे बिनतारी यंत्रावरून भंडाऱ्याला कळवायचे. पावसाळ्यात या आकड्यांवरून खालच्या गावांना पुराची सूचना जायची.

बोट कवडूजी चालवायचे. वय चाळिशीच्या पुढे, अंग काटक, खाकी सदरा आणि खांद्यावर दुपट्टा. घरचा पिढीजात धंदा मासेमारीचा. इंजिनाचं काम ते कुठं शिकले हे कुणालाच नीट सांगता यायचं नाही. गावात त्यांना ‘बोटवाले’ म्हणत.

मी रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी निम्म्या नदीत इंजिन तापलं. वास आला, आवाज जड झाला. आम्ही कसेबसे काठाला लागलो. मी डिप्लोमा करून आलेला, सगळं पुस्तकात वाचलेलं. बकाराम नावाचा खलाशी होता, त्याला मी पाने आणायला सांगितलं आणि पाण्याचा पंप खोलायला बसलो.

“थांबा न जी,” कवडूजी म्हणाले. “तापलेल्याले हात लावू नोका.”

त्यांनी खिशातून कच्चे पोहे काढले, एक फक्की तोंडात टाकली आणि नदीकडे तोंड करून चावत बसले. ही त्यांची सवय मला पुढं अनेक वर्षं पाहायला मिळाली. फक्की चावून संपेपर्यंत ते कोणत्याही नटाला हात लावत नसत. मला ती वेळ फुकट गेल्यासारखी वाटायची.

मग त्यांनी बकारामला विचारलं, “काल काय बदललं?”

बकारामनं माझ्याकडे पाहिलं. बदललं होतं ते मी. बोट खोल पाण्यात बांधलेली असायची आणि चढताना घोट्यापर्यंत पाय भिजायचे, म्हणून आदल्या संध्याकाळी मी ती पायऱ्यांजवळ उथळ पाण्यात बांधायला लावली होती. त्या इंजिनाला मोटारीसारखा रेडिएटर नव्हता. बोटीच्या तळातून ते नदीचं पाणी ओढून घ्यायचं, अंगाभोवती फिरवायचं आणि मागच्या नळीतून बाहेर टाकायचं. ओढलेलं पाणी आधी एका डब्यातल्या जाळीतून गाळून यायचं. उथळ पाण्यात इंजिन सुरू केल्याबरोबर त्यानं तळाचा गाळ ओढला होता. कवडूजींनी डब्याचा नट हातानं फिरवून झाकण काढलं. जाळी गच्च भरलेली होती.

“साहेबाचे बूट कोरडे राह्यले,” ते म्हणाले, “आन इंजनचा घसा कोरडा पडला.”

ते हसले नाहीत. बकारामही हसला नाही, निदान माझ्यासमोर नाही. बोट पुन्हा खोल पाण्यात गेली.

त्यानंतर मी त्यांना नीट पाहू लागलो. बोट चालवताना दर थोड्या वेळानं ते मागं वाकून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेत हात धरत आणि मनात आकडे मोजत. पंधरापर्यंत हात टिकला तर ठीक. दहाच्या आत काढावा लागला तर इंजिन हळू करायचं. पुढं खात्यानं उष्णता दाखवणारा काटा पाठवला, तो मी बसवून घेतला. कवडूजी काटाही पाहायचे आणि हातही धरायचे. दोघांत फरक पडला की काट्याची तार तपासायचे, आणि बहुतेक वेळा ती सैल झालेली सापडायची.

इंजिन ‘बिघडलं’ असं ते कधी म्हणत नसत. “ते काईतरी सांगून राह्यलं,” असं म्हणत. आणि ‘अचानक’ या शब्दाचा त्यांना मनापासून राग होता. कुणी म्हणालं की इंजिन अचानक बंद पडलं, तर ते शांतपणे म्हणत, “अचानक काई होत नाई जी. आपुन पाहत नोतो, एवढंच.”

हीच पद्धत ते माणसांनाही लावत. एकदा बकाराम दोन दिवस जेवणाचा डबा न उघडता परत नेत होता. मी म्हटलं, पोट बिघडलं असेल. कवडूजींनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की भांडून बायको माहेरी गेली होती आणि डबा रिकामाच यायचा. मला दाखवायला तो हातात घेऊन येत होता. कवडूजींनी माझ्याकडून त्याची दोन दिवसांची रजा मंजूर करून घेतली आणि त्याला सासुरवाडीला पाठवलं. “तेथी जाऊन काय बोलाचं?” बकारामनं विचारलं. “पयले ऐकून घे,” कवडूजी म्हणाले. चौथ्या दिवशी डबा भरलेला आला.

पण कवडूजींचं नाव खात्यात झालं ते नळीच्या प्रकरणामुळे. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या हिवाळ्यात इंजिन दुरुस्तीला नागपूरच्या एका कारखान्यात जाऊन आलं आणि त्यानंतर रोज तापू लागलं. गंमत अशी, की हळू चालवलं तर काही नाही. प्रवाहाच्या उलट पूर्ण वेगानं नेलं की दहा मिनिटांत काटा लाल रेघेवर. कारखान्याचा मेकॅनिक आला, त्यानं पंपातलं रबराचं चक्र बदललं. पुन्हा तापलं. तो पुन्हा आला, इंजिनाचं डोकं उतरवून आतलं पॅकिंग बदललं. पुन्हा तापलं. तिसऱ्या खेपेला त्यानं मला सांगितलं की हे इंजिन आता मोडीत काढा. मी तसं पत्र लिहायला घेतलं.

“आठ दिवस द्या मले,” कवडूजी म्हणाले.

मी दिले. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त जाळी धुतली आणि बोट पूर्ण वेगानं नेऊन पाहिली. दुसऱ्या दिवशी फक्त पंप खोलून पुन्हा बसवला. तिसऱ्या दिवशी मागची, पाणी बाहेर टाकणारी नळी काढून आतून तार फिरवली. दिवसाला एक गोष्ट. शेडच्या दारावर खडूनं ते खुणा करायचे. लिहिता वाचता त्यांना येत होतं, पण हळू. म्हणून चित्रं काढत. जाळीसाठी चौकोन, पंपासाठी चाक, नळीसाठी साप. जे तपासून झालं त्यावर आडवी रेघ.

चौथ्या दिवशी मी कंटाळलो. “एका दिवसात दोन दोन गोष्टी का नाही करत? लवकर होईल.”

“दोन बदलल्या आन बरं झालं,” ते म्हणाले, “त कोनत्यानं बरं झालं हे कोन सांगन?”

सहाव्या दिवशी त्यांनी सुकाणू माझ्या हाती दिलं. पूर्ण वेगानं चालवायला सांगितलं आणि स्वतः इंजिनाशेजारी पोटावर आडवे पडले. तळातून पाणी ओढून आणणारी जाड रबरी नळी त्यांनी मुठीत धरली होती. डोळे मिटलेले. बराच वेळ ते तसेच पडून होते. मग त्यांनी बकारामला सुकाणू धरायला लावून मला जवळ बोलावलं.

“हात द्या.”

मी नळी धरली. वेग वाढवला की ती मुठीत किंचित बारीक होत होती. इतकी किंचित, की कुणी सांगितल्याशिवाय कळू नये.

काठाला आल्यावर त्यांनी नळी काढून सुरीनं उभी चिरली. बाहेरून ती नवी दिसत होती. आतला रबराचा थर एका जागी सुटून जिभेसारखा लोंबत होता. पाणी हळू ओढलं तर तो बाजूला राहायचा, जोरानं ओढलं की वाट बंद करायचा. नवी नळी बसवली आणि काटा हलला नाही. मी मोडीचं पत्र फाडलं.

पुढच्या महिन्यात तो मेकॅनिक दुसऱ्या कामानं आला. कवडूजींनी त्याला चहा दिला आणि चिरलेली नळी त्याच्या हातात ठेवली. तो खाली मान घालून पाहत राहिला. “तुमची चूक नोती जी,” कवडूजी म्हणाले. “वरून चांगलीच दिसे.” इतकंच. तो गेल्यावरही त्यांनी त्याच्याबद्दल एक शब्द काढला नाही.

आता पुराचं सांगतो.

मला तिथं चार वर्षं झाली होती. श्रावणात वर कुठंतरी सलग पाऊस होऊन नदी चढू लागली. कवडूजींची मुलगी अड्याळला दिलेली होती, तिचं पहिलं बाळंतपण, म्हणून ते तीन दिवसांच्या रजेवर होते. त्यांच्या जागी बकाराम बोट चालवत होता. चौथ्या दिवशी सकाळी भंडाऱ्याहून आमचे उपअभियंता जीपनं आले. पाणी इतकं वर असताना मोजमाप क्वचित मिळतं, म्हणून ते स्वतः बोटीत येणार होते. ते घाटावर घड्याळ पाहत उभे असतानाच कवडूजी चिखल तुडवत आले. नातू झाल्याचं त्यांनी सांगितलं. साहेबांनी अभिनंदन केलं आणि म्हणाले, “चला, बोट काढा. अजून चढलं तर जमायचं नाही.”

कवडूजींनी एकदा इंजिनाकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. आणि इंजिन सुरू केलं. पोह्याची फक्की त्यांनी त्या दिवशी तोंडात टाकली नाही. हे मला तेव्हा नाही, नंतर आठवलं.

आम्ही चौघं होतो. तीन ठिकाणची खोली आणि वेग मोजून झाला. मुख्य धारेच्या मध्यावर आल्यावर कवडूजींनी मागं वाकून हात धरला आणि लगेच काढला.

“धार बारीक झाली,” ते म्हणाले.

“मग परत फिरवा,” साहेब म्हणाले.

“फिरवतो. पन हे टिकाले पायजे.”

इंजिन बंद करून थंड होऊ देणं शक्य नव्हतं. खाली अर्ध्या मैलावर खडकांची रांग होती. उन्हाळ्यात तिच्यावर धोबी कपडे वाळत घालायचे. आता तिथं नुसतं पांढरं पाणी उसळताना दिसत होतं. इंजिन बंद म्हणजे बोट सरळ त्या रांगेवर. आणि चालू ठेवलं तर ते काही मिनिटांत अडकून बंद पडणार होतं.

कवडूजींनी बकारामच्या हाती सुकाणू दिलं आणि जाळीच्या डब्याचा नट फिरवायला गेले. तो हलला नाही. तीन दिवसांची वाळू आट्यांत बसून तो जाम झाला होता. त्यांनी पान्यानं दोन ठोके दिले. तिसरा दिला नाही. तळातून पाणी येण्याची चावी त्यांनी बंद केली, पाणी ओढणारी नळी डब्यापासून उपसून काढली आणि तिचं तोंड बोटीतल्या बादलीत घातलं.

“साहेब, नदीचं पानी बादलीत भरा. दोघंई भरा. नळीचं तोंड उघडं पडू देऊ नोका.”

मी पत्र्याचा डबा घेतला. साहेबांना दुसरा डबा सापडेना, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं ते, वाकून नदीतलं पाणी उपसत बादलीत ओतत होतो आणि इंजिन ते ओतल्याबरोबर पिऊन टाकत होतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. कवडूजी मधे बसून एका हातानं नळी बादलीच्या तळाशी दाबून धरत होते आणि बकारामला मानेनं दिशा दाखवत होते. समोरासमोर धारेशी झुंज न घेता त्यांनी बोट तिरपी काढली. खडकांची रांग आमच्या उजव्या अंगाला बोटीच्या दोन लांबींवरून गेली. मग पाणी मंद झालं आणि बोटीचं तोंड कुणाच्या तरी बुडालेल्या धानाच्या बांधीत शिरून धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, टेकलं. त्यानंतर इंजिन बंद पडलं.

साहेब धुऱ्यावर बसून राहिले. बकाराम रडत होता. कवडूजी गुडघाभर पाण्यात उभे राहून उजवा हात बुडवून होते. मला वाटलं, हात धुताहेत. जवळ गेलो तर मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल होऊन सुटली होती. नळी धरताना हात धुराच्या तापलेल्या नळकांड्याला टेकला होता आणि तो त्यांनी काढला नव्हता.

आम्ही चालत केंद्रावर आलो. मी आकडे भंडाऱ्याला कळवले. खालच्या गावांना सूचना गेली.

चौकशी होणार हे ठरलेलंच होतं. सरकारी बोट मार्ग सोडून शेतात शिरली होती, इंजिन निकामी झालं होतं, अधिकाऱ्याचा जीव धोक्यात आला होता. अहवाल मला लिहायचा होता. मी लिहिलं की पुरात वाहून आलेला कचरा जाळीत अचानक अडकल्यामुळे इंजिन तापलं आणि चालकाच्या प्रसंगावधानामुळे जीवितहानी टळली. साहेबांना मजकूर पसंत पडला. त्यात कुणाचंच नुकसान नव्हतं. खाली चालक म्हणून कवडूजींची सही हवी होती.

हाताला फडकं बांधून ते आले. मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

“अचानक?” ते म्हणाले.

मी कागद टेबलावर ठेवला.

“शेंडे, सही करा आणि मोकळे व्हा,” साहेब म्हणाले. “कचरा होताच ना?”

“होता जी. पुरात कचरा येतेच. पन नट तीन दिवस खोलला नोता, म्हनून जाम झाला. जाताना मी बकारामले सांगून गेलो नाई. आन त्या दिवशी सकाळी मी पाह्यलं नाई. ते लिवा.”

“त्यानं काय साधणार आहे?”

“आपल्या खात्याच्या आनखी बोटी हाये न जी. तुमी आजार दुसराच लिवला त औषध कोनतं देतीन? तेथलाई नट असाच जाम राहीन.”

साहेब म्हणाले, “मग मी घाई केली, हेही लिहायचं का?” त्यांचा आवाज चढला नव्हता. खरोखरच विचारत होते, असं मला वाटलं.

“ते तुमी तुमचं पाहा,” कवडूजी म्हणाले. “मी माझं सांगून राह्यलो.”

मी दुसरा अहवाल लिहिला. जाळी न तपासल्याचं त्यात आलं. साहेबांच्या घाईचं आलं नाही. ते वाक्य घालणं माझ्या हातात होतं, लेखणी माझीच होती. मी घातलं नाही आणि साहेबांनीही घातलं नाही. कवडूजींनी पुन्हा वाचून घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली.

दोन महिन्यांनी दोन आदेश आले. एक असा, की सर्व बोटींवर रोज सुटण्यापूर्वी जाळी खोलून पाहावी आणि तशी नोंद दोघांच्या सहीनं ठेवावी. दुसरा असा, की कवडू शेंडे यांना बोटीवरून काढून भंडाऱ्याच्या गोदामावर चौकीदार म्हणून ठेवावं. उपअभियंत्यांची पुढच्या वर्षी बढती झाली. माणूस वाईट नव्हता. जाताना त्यांनी मला विचारलं, “शेंडे कसे आहेत?” मी म्हटलं, बरे आहेत. मी एकदाही गोदामावर गेलो नव्हतो.

दीड वर्षानं कवडूजी परत आले, पण चालक म्हणून नाही. ती जागा बकारामला मिळाली होती. खलाशाची रिकामी होती. पहिल्या सकाळी बकाराम सुकाणूपासून दूर उभा राहिला.

“तुमी बसा, कवडूजी. मले चांगलं नाई वाटत.”

“चालव न बाप्पा,” ते म्हणाले. “मी जाळी पाहतो.”

त्यांनी जाळी पाहिली, वहीत सही केली आणि वही बकारामपुढं धरली. पुढं माझी बदली होईपर्यंत रोज हेच झालं. दोघांत कधी कुरबुर झाल्याचं मी ऐकलं नाही. काही अडलं तर बकाराम विचारायचा आणि कवडूजी सांगायचे. विचारलं नाही तर सांगायचे नाहीत.

त्यांच्याशी बोलावं, असं मला बदलीच्या दिवशी फार वाटलं होतं. सामान बैलगाडीत चढत होतं. मी म्हटलं, “कवडूजी, त्या अहवालात मी एक गोष्ट सोडली.” ते म्हणाले, “माहीत हाये जी,” आणि माझी ट्रंक नीट बांधली की नाही हे पाहायला गेले.

शेवटचं पाहिलं ते ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा, तुमसर रोड स्टेशनवर. मी एका कामानं तुमसरला आलो होतो आणि गोंदियाकडच्या गाडीची वाट पाहत होतो. समोर नागपूरला जाणारी पॅसेंजर लागायची होती. गर्दीत एक म्हातारा एका बाईचं कोपर धरून चालला होता आणि सारखा बोलत होता. आवाजावरून ओळखलं. नोकरीत असताना दिवसभरात दहा वाक्यं न बोलणारा माणूस क्षणभर थांबत नव्हता.

“येथी बाकडा हाये, बस. डाव्या हाताले एक बाई लेकरू घेऊन बसली. लेकरू झोपलं. समोर चहावाला.”

मी पुढं होऊन नमस्कार केला. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि बायकोकडे वळले. त्यांच्या बायकोला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“कवसा, साहेब हाये. आपल्या घाटावरचे. केस पांढरे झाले तेयचे. चष्मा लागला. पोट आलं थोडं.”

“असं सांगतेत का जी,” त्या म्हणाल्या आणि पदर सावरून हसल्या.

दोन वर्षांपासून कवसाबाईंना दिसत नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरला दाखवायला चालले होते, हे तिसऱ्यांदा. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं की फरक पडेलसं वाटत नाही. कवडूजींनी हे त्यांच्यासमोरच सांगितलं, आणि त्यांनीही मान हलवली. मी बकारामची चौकशी केली, अड्याळच्या नातवाची केली. तो सहावीत होता.

गाडी आली. “तीन पायऱ्या,” कवडूजी म्हणाले. “पयली उंच हाये.” त्यांना चढवून, खिडकीजवळ बसवून ते शेजारी बसले. गाडी हलली तसा मी हात वर केला.

“साहेब हात हालवून राह्यले,” ते सांगताना मला ऐकू आलं.

कवसाबाईंनी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि हलवला. तो फलाटावरच्या नळाकडे होता, जिथं कुणीच उभं नव्हतं. कवडूजींनी त्यांचं मनगट हलकेच धरलं आणि माझ्याकडे वळवलं.